चहा ठेवून गेलेले मामाजी

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, गॅसवर चहाचं आधण ठेवून पांढुर्ण्याला जाऊ शकत. हे मी गमतीनं म्हणत नाही. एका सकाळी खरंच तसं झालं. आधण ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चहात घालायला घरात आलं नाही, म्हणून ते आमच्या सौंसरच्या बाजारात गेले. तिथे एक जुना विद्यार्थी भेटला. तो पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढत होता, आणि बोलणं अर्धवट राहिलं होतं, म्हणून हेही चढले. दुपारी परतले ते कोथिंबिरीची जुडी घेऊन. मी न्हाणीघरातून जळका वास घेत धावत आले म्हणून घर वाचलं, पातेलं मात्र कायमचं गेलं.

"काय वो सुनीता, एवढी काहून तापून राहिली? भांडंच त होतं," असं वर मलाच म्हणाले.

असा हा माणूस जन्मभर मास्तर होता. सगळं सौंसर त्यांना गुरुजी म्हणायचं. सरकारी शाळेत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना एका जागी बसवलं आणि स्वतः मात्र कधी बसले नाहीत. जेवायला बसले की लोणच्यासाठी उठत, लोणच्याकडे जाताना कॅलेंडर वाकडं दिसे, ते सरळ करताना खिळा हलतोय असं वाटे, आणि मग हातोडी शोधायला सुरुवात होई. ताटावर माशा बसत. मी ताट झाकून ठेवी आणि मनातल्या मनात बोटं मोडी. माझ्या नवऱ्याचं पांढुर्ण्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान, ते सकाळी जात आणि दिवे लागल्यावर येत. त्यामुळे वडिलांचे हे प्रताप त्यांना ऐकूनच माहीत. मला तहसील कचेरीतली नोकरी सांभाळून हे सगळं डोळ्यांनी पाहावं लागे.

त्यात आमची मनू. गोड पोरगी, पण अंगात भिंगरी. चौथीनंतर एका शाळेनं हात जोडले होते, दुसऱ्या शाळेत पाचवीत घातली तर तिथूनही रोज बोलावणं. डबा हरवला, कंपास हरवली, शेजारच्या मुलीची वेणी ओढली, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर ओरडली, आणि मग भर तासात वर्गाबाहेर निघून गेली. नातेवाइकांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. कोणी मीठमिरच्या ओवाळल्या, कोणी बदाम भिजवायला सांगितले, एका नणंदेनं तर सरळ म्हटलं, "माय नोकरी करते न, मंग पोट्टी अशीच निंघन." मी तिला वर चहा दिला. त्या चहाचा मला आजही राग येतो.

शेवटी नागपूरला बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी, नवरा, मनू, आणि "मास्तर म्हून मी येतोच" असं म्हणत मामाजी. डॉक्टरीणबाईंनी मनूला पाहिलं, आम्हाला पुष्कळ विचारलं आणि नीट समजावलं. मुलगी आळशी नाही, वाईट वळणाचीही नाही. लक्ष एका जागी धरून ठेवणं आणि अंगातली धाव थोपवणं तिला इतरांपेक्षा जड जातं. गोळी देऊ, पण गोळीनं सगळं होणार नाही. एका वेळी एकच सूचना द्या, काम लहान लहान तुकड्यांत द्या, झोपेच्या-जेवणाच्या वेळा ठरवा आणि शाळेशी बोला. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणी लहानपणी असं होतं का?"

आम्ही दोघांनी एकदमच मामाजींच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. मामाजी बाहेर कंपाउंडरला वजनकाट्याचं झाकण उघडायला लावून आतली स्प्रिंग बघत होते. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि कागदावर एक खूण केली.

परतीच्या बसमध्ये मामाजींचं सुरू झालं. "आमच्या वक्ताले असे पोट्टे रायतच होते. एक छडी देली का बसे जाग्यावर."

"मग तुम्हाला छडी देऊन तुम्ही बसलात का?" मी विचारलं. दिवसभराचा ताप डोक्यात होता, तोंडातून निघून गेलं. वाटेतलं लोधीखेडा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना इतका वेळ एका जागी बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मनूचा ताबा घेतला आणि माझ्या डोक्याला दुप्पट ताप झाला. भिंतीवर मनूच्या दिवसाचा तक्ता लावायचा म्हणून पुठ्ठा आणला, रंग आणले, सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंतचा भाग सुरेख रंगवला आणि पुढे सोडून दिला. आमच्या भिंतीवर मनूची संध्याकाळ कधी झालीच नाही. एका वेळी एकच सूचना द्यायची तर म्हणत, "मने, दप्तर ठेव, चप्पल नीट लाव, अन् पाह्य बरं ते गाय कोनाची सुटली, अन् येताना माहा चष्मा आन." पोरगी मधल्या खोलीत उभी राहून गोल फिरे.

"मामाजी, एक सूचना!" मी स्वयंपाकघरातून ओरडे.

"एकच त सांगतलं," ते म्हणत.

मग आला तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलं लाकडी बैल सजवून ओळीत उभी करतात. वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. ते तुटलं की बैल सुटले, तोवर कोणी हलायचं नाही ही रीत. घरातला जुना चाकांचा बैल मामाजींनी स्वतः रंगवला, एक शिंग सोडून. मनू ओळीत उभी राहिली खरी, पण पाहुण्यांचं भाषण काही संपेना. मी लांबून तिच्या पायांकडे बघत होते. आधी टाचा हलल्या, मग गुडघे. पुढच्या क्षणी तिनं बैलाची दोरी खेचली, उडी मारून तोरण ओढलं आणि पळाली. तिच्यामागे सगळ्या पोरांनी बैल पळवले. पाहुणे माईक हातात धरून उभेच. "कोनाची हाय थे?" असं चारी बाजूंनी ऐकू आलं, तेव्हा धरणी दुभंगली असती तर मी सुखानं आत गेले असते.

मी तिला शोधत गेले ती चांगले दोन धपाटे घालायच्या तयारीनं. देवळामागे मामाजी माझ्याआधी पोचले होते. बैल मधे ठेवून दोघं पायरीवर बसले होते.

"मले मारन आई," मनू म्हणत होती.

"मी बी लय खाल्ला मार," मामाजी म्हणाले. "पोळ्यातूनच पळो मी. बैल घेऊन वावरात. माहा बाप मारे, पन माही माय म्हने, पळ रे बापा, अंगातच हाय तुह्या, त पळ. पन परत ये. पळनाऱ्याले कोनी काई म्हनत नाई, जो परत येत नाई त्याले म्हनते."

"मंग तुमी येत होते?"

"कधी कधी," ते म्हणाले. निदान खोटं बोलले नाहीत. मग उठून त्यांनी तिचा हात धरला नाही, नुसतं म्हणाले, "चाल, आता परत जाऊ." आणि पोरगी बैल ओढत निघाली, मोडलेल्या ओळीच्या जागी जाऊन एकटी उभी राहिली. इतके दिवस मी तिला धरून आणत होते, ओढून आणत होते. आपल्या पायांनी ती पहिल्यांदाच परत आली होती. माझे धपाटे हातातच राहिले.

पण शहाणपणाची एक गोष्ट केली की मामाजी लगेच दुसरी तिरपागडी करत. परत यायचं तर आधी गेली हे वर्गातल्या बाईंना कळलं पाहिजे, या हिशेबानं त्यांनी पोळ्याच्या घुंगरमाळेतलं एक घुंगरू काढलं आणि मनूच्या पायात बांधून तिला शाळेत पाठवली. मला पत्ता नाही. मनूनं पाय हलवला की घुंगरू वाजे, घुंगरू वाजलं की वर्ग हसे, वर्ग हसला की मनू आणखी नाचे. तासाभरात सगळी पाचवी बाकांवर पाय आपटत होती. शाळेतून मला कचेरीत बोलावणं आलं, मामाजींनाही घेऊन या म्हणून.

मनूच्या वर्गशिक्षिका इंगळे मॅडम या मामाजींच्याच हातच्या विद्यार्थिनी. घुंगरू टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "गुरुजी, लहानपनी तुमी मले हात वर करून उभं ठेवलं. आता तुमची नात रोज उभं ठेवून राहिली. कोनता बदला हाय हा?"

मुख्याध्यापक हसले नाहीत. पाचवीच्या वार्षिक परीक्षेपर्यंत बघू, म्हणाले. तेव्हाही पोरगी पेपरला टिकून बसली नाही, तर तुम्ही दुसरी शाळा बघा. तिसरी शाळा! गावात पोरीचं नाव एकदा पसरलं की कुठली शाळा तिला दारात उभी करणार होती?

मामाजी खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आता हे भांडणार. त्यांनी इंगळे मॅडमपुढे हात जोडले. "वंदना, तुले उभं केलं थे चुकलंच माहं. पन हिले बसवू नको. हिले जाऊ दे. त्या कडुनिंबाले हात लावन अन् परत येईन. नाई आली त माहं नाव सांग."

मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी मनूला दाराजवळचा बाक दिला. अंगात फार दाटून आलं की तिनं मॅडमकडे बघायचं, मॅडमनी मान हलवली की अंगणातल्या कडुनिंबापर्यंत जायचं, हात लावायचा आणि यायचं. मधल्या सुट्टीत मामाजी फाटकाबाहेर उभे राहत आणि ती फाटकाशी येऊन सांगे की आज किती जमलं. पहिल्या आठवड्यांत काही जमलं नाही. कडुनिंबावरून ती मुंगळ्यांच्या मागे गेली, मग पाण्याच्या टाकीवर सापडली. मी हातपाय गाळले. मामाजी म्हणत, "नाई आली त काय झालं? उद्या येईन." गोळी सुरू होती, मी रोज रात्री अभ्यासाचे तुकडे पाडून देत होते, मॅडम फळ्यावर तिच्यासाठी वेगळं लिहीत होत्या. हे सगळं आम्ही करत होतो आणि गावात नाव मामाजींचं होत होतं, हेही सांगून टाकते.

हिवाळ्यात जमायला लागलं. मनू जाई आणि येई. एका मधल्या सुट्टीत ती फाटकाशी आली तर मामाजीच गायब. रस्त्यानं संत्र्याच्या पेट्या भरलेला ट्रक गेला होता, त्याची ताडपत्री कशी बांधलीय ते बघायला हे ट्रकमागे चालत गेले होते. संध्याकाळी मनूनं त्यांना अंगणात उभं केलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी आली परत. तुमीच नाई! आबाजी, पळा न, पन परत या न!"

मामाजींनी दोन्ही कान धरले. मी हसले नाही, कारण त्या दिवशी ते दळणाचा डबा चक्कीवर विसरून आले होते.

परीक्षेला थोडे दिवस उरले असताना, एका सकाळी त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि दूध आणायला गेले. मी येऊन बघते तर आधण उकळून अर्धं झालेलं. मी गॅस बंद केला आणि ते आल्यावर काय काय सुनवायचं ते मनात जुळवत बसले. चांगलं जोरदार जुळवलं होतं. बसस्टँडजवळ ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. लोकांनी घरी आणलं तेव्हा दुधाची पिशवी त्यांच्या हातातच होती. आयुष्यात एकदा जे आणायला गेले तेच घेऊन आले, आणि तेही असे. माझं जुळवलेलं बोलणं तसंच राहिलं. एवढी चीड मला कोणाची आली नव्हती. पोरीला मधेच टाकून जायचं का असं? तक्त्यावरची संध्याकाळ कोण रंगवणार होतं?

परीक्षा झाली. शेवटच्या पेपरानंतर इंगळे मॅडम मला फाटकाशी भेटल्या. म्हणाल्या, "गेली वो कडुनिंबाले, दर पेपरले गेली. अन् परत येऊन लिवलं. शेवटपर्यंत लिवलं." सहावीला मनू इथेच बसेल, असं मुख्याध्यापकांनी सांगितल्याचं त्यांनी पदर सावरत सांगितलं.

मनू मात्र फाटकाबाहेर त्या नेहमीच्या जागेवर उभी होती. मी हाक मारली तर आली नाही. मी जाऊन हात धरला तेव्हा तिनं रागानं दप्तर आपटलं. घरी येईपर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढे चालली. मी चहा ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"मी त परत आली," ती म्हणाली. "सगळ्या पेपरले आली. मंग आबाजी काहून नाई आले?"

मलाही त्यांना हेच विचारायचं होतं. मी तिला जवळ ओढलं, ती हात झटकून पळाली, अंगणातून रस्त्यावर, आणि मी तिथेच बसून रडत राहिले. तेराव्यालासुद्धा मी इतकी रडले नव्हते. चहाचं मी पार विसरले.

किती वेळानं कोण जाणे, पावलं वाजली. मनू परत आली होती. ती माझ्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिनं गॅस बंद केला.