सरळ बघ ना, आई

आमच्या आईला कारखान्यात ‘भोंगा’ म्हणत. खरा भोंगा शिफ्ट बदलताना वाजायचा, आई दिवसभर वाजायची. मोज्यांचा कारखाना होता आणि ती तपासणीला होती. आतून दिवा लावलेला एक काचेचा पाय टेबलावर उभा असे. त्यावर मोजा चढवायचा, गर्रकन फिरवायचा. जिथे टाका सुटला असेल तिथून उजेड डोकावायचा. फुटका मोजा डावीकडच्या टोपलीत, धड उजवीकडे. जन्मभर दुसऱ्यांच्या मोज्यांतली भोकं शोधली आणि आता माझ्याच नजरेला मधोमध भोक पडलं, असं ती म्हणते आणि हसते. मला हसू येत नाही. मला संताप येतो.

भोक मधोमधच आहे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडा शाबूत आहेत. म्हणजे ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही, बाजूचं दिसतं. माझा चेहरा बघायचा तर ती माझ्या मागच्या दाराकडे बघते. नवखा माणूस वळून पाहतो, कोण आलं म्हणून. डॉक्टरांनी हे मला आणि तिला समोर बसवून नीट सांगितलं. बाहेर आल्यावर तिने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

“पोरांना सांगायचं नाही.”

“अगं, पण का?”

“का म्हणजे? एकदा कळलं की गॅसला हात लावू देणार नाहीत. मग जिना उतरू देणार नाहीत. मग थोरला मला उचलून त्याच्या घरी नेईल आणि वरच्या खोलीत कुंडीसारखी ठेवेल. मी माझ्या घरात मरणार. शपथ घे.”

घेतली. तेव्हापासून तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला.

भावांना एवढंच माहीत, की आईची नजर ‘वयामुळे थोडी कमी’ झालीय. दोघंही हुशार, दोघंही मोठ्या पगाराचे. दर रविवारी येतात, फळं आणतात, “औषधं घेतेस ना?” असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत फोनमध्ये डोकं घालतात. आई त्यांच्याकडे बघण्यासाठी खिडकीकडे तोंड करते, हे त्यांना दिसत नाही. डॉक्टरांनी त्यांचेही डोळे तपासायला हवे होते.

आता व्हॉलीबॉलचं सांगते, कारण त्याशिवाय आई कळायची नाही. कारखान्याची बायकांची टीम होती आणि आई तिच्यात लिफ्टर होती. लिफ्टर म्हणजे बॉल अलगद वर उचलून देणारी. स्मॅश दुसरीच मारते, टाळ्या तिलाच पडतात. आईला त्याचं काही वाटत नसे. “टाळ्या तिच्या, पण कुणाला द्यायचा ते मी ठरवायचे,” असं ती अजून सांगते. जेवणाच्या सुट्टीत, माल चढवायच्या आवारात, दोन खांबांना नेट बांधून त्या खेळत. थोरला पोटात असतानाही सहावा महिना लागेपर्यंत खेळली. मुकादमाने हटकलं तर म्हणाली, “पोटातल्याची तक्रार आली की थांबते.”

गुडघ्यांनी खेळ सोडायला लावला, पण बघणं सुटलं नाही. कुठल्याही देशाची मॅच असो, आई टीव्हीपुढे. तो टीव्ही म्हणजे एक जुना, चपटा, बेताचा. तो तिने स्टुलावर ठेवला होता आणि स्वतः खुर्ची ओढून इतकी जवळ बसायची की गुडघे स्टुलाला टेकत. तोंड मात्र खिडकीकडे. कुणी बघितलं तर म्हणेल, बाई टीव्ही लावून रस्त्यावरची माणसं मोजतेय. पण खिडकीकडे बघत बघत ती ओरडायची, “अगं, ब्लॉकला दोघी जा ना, मेल्यांनो!” आणि दोघी गेलेल्या नसायच्या.

“बॉल दिसतो तुला?” मी एकदा विचारलं.

“बॉल कुठला दिसतोय! मुली कुठे धावतात ते दिसतं. त्यावरून बॉल कळतो.”

एवढंच तिचं उरलं होतं. वाचन गेलं, शिवण गेलं, माणसांचे चेहरे गेले. गुडघे स्टुलाला टेकवून खिडकीकडे बघत बसायचं, एवढीच चैन. आणि तीही माझ्या भावांच्या प्रेमाने हिरावून घेतली.

आईला सत्तरावं लागलं तेव्हा थोरल्याने जाहीर केलं, “आईला टीव्ही घ्यायचा. पंचाहत्तर इंची.” विचारलं नाही, जाहीर केलं. तो नेहमी उंटावरूनच शेळ्या हाकतो. “तिची नजर कमी झालीय, मोठा हवा. आणि रविवारी आपण सगळे जमतो तर सिनेमे पण बघता येतील.” धाकट्याचे डोळे चमकले. पुढचे कित्येक दिवस दोघं एकमेकांना व्हिडिओ पाठवत होते. कुठल्या टीव्हीचा काळा रंग खरा काळा, कुठल्यात पळत्या माणसामागे शेपूट दिसत नाही. आईसाठी चाललेल्या या अभ्यासात आई हा विषय कुठेच नव्हता.

“अरे, तिला विचारा तरी तिला काय सोयीचं ते,” मी म्हणाले.

“ताई, तुला यातलं कळत नाही,” धाकटा म्हणाला. तळपायाची आग मस्तकात गेली. पण शपथ घेतलेली, बसले मूग गिळून.

दुकानात आम्ही चौघं गेलो. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच पोपट. मग तो पोपट गेला आणि कापलेलं कलिंगड आलं, त्यावरून पाण्याचा थेंब ओघळला, आणि माझे भाऊ देवदर्शनाला आल्यासारखे उभे राहिले. विक्रेता तरुण आणि गोड होता. आई सरळ त्या पंचाहत्तर इंचीजवळ गेली, नाक काचेला लागेल इतकी, आणि मान वळवली.

“आजी, इतक्या जवळून नाही,” विक्रेता म्हणाला. “मोठ्या टीव्हीला अंतर लागतं. या, इथे उभ्या राहा. खरं चित्र इथूनच कळतं.” त्याने जमिनीवर चिकटवलेल्या पावलांच्या खुणांवर तिला दंडाला धरून उभं केलं.

आईने पुन्हा मान वळवली. त्या बाजूला फ्रिज मांडले होते.

“आजींना फ्रिज आवडलेला दिसतोय,” विक्रेता हसून म्हणाला. धाकटा हसला, थोरलाही हसला आणि म्हणाला, “आई, फ्रिज पुढच्या वाढदिवसाला. आता इकडे बघ. सरळ बघ ना, आई!”

जिच्या आवाजाला मुकादम टरकायचा ती माझी आई. मला वाटलं, आता दुकानाच्या काचा फुटणार. पण ती सरळ बघू लागली. म्हणजे जिथे तिला काहीही दिसत नाही तिथे ती डोळे रोखून बघू लागली आणि म्हणाली, “छान आहे. स्वच्छ दिसतंय.”

परतताना बसमध्ये आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी भांडले. “खोटं का बोललीस?”

“किती खुश होते दोघं.”

“खड्ड्यात गेली त्यांची खुशी!”

“हळू बोल,” भोंगा मला म्हणाला.

टीव्ही शनिवारी आला. मी पोचले तोवर तो भिंतीवर चढलाही होता, वर, छताच्या जरा खाली. थिएटरसारखं वाटावं म्हणून. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते खरं, आईची खोली त्याच्यापुढे काडेपेटीएवढी झाली होती. थोरल्याने टेपने अंतर मोजून सोफा पार समोरच्या भिंतीला लावला होता आणि बरोबर मध्यावर उशी ठेवली होती. “ही आईची जागा. सगळ्यांत भारी सीट.” आम्ही लहान होतो तेव्हा आईने टीव्हीसमोर खडूने रेघ मारली होती, रेघेच्या आत याल तर डोळे जातील म्हणून. ती रेघ सगळ्यांत जास्त वेळा ओलांडून धपाटे खाल्लेला हाच माणूस. आता तोच आईला म्हणत होता, “जवळ बसायचं नाही हं. डोळे खराब होतात.”

म्हणजे बघा काय झालं. टीव्ही तिप्पट झाला आणि चित्र लहान झालं. हाताच्या अंतरावर असलेला छोटा टीव्ही आईच्या नजरेत भरायचा. खोलीच्या पलीकडे, छताला टेकलेला हा राक्षस तिला पोस्टाच्या तिकिटाएवढा. हे कळायला कुठलाही व्हिडिओ लागत नाही. फक्त आईच्या खुर्चीत एकदा बसावं लागतं.

“जुना कुठाय?” मी विचारलं.

“एक्सचेंजमध्ये दिला,” धाकटा म्हणाला. “अडगळच होती ती.”

स्टुलावर कुणीतरी फुलदाणी ठेवली होती. मला ती भिंतीवर फोडावीशी वाटली.

रविवारी दुपारी महिलांची फायनल होती, थेट. आई त्या मॅचची महिनाभर वाट बघत होती. भाऊ, वहिनी सगळे आले. आईला सोफ्याच्या मध्यावर बसवलं, एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा. मी मोढ्यावर, आईकडे तोंड करून. मला मॅच बघायचीच नव्हती.

सर्व्हिस झाली. “आई, बॉलवर शिवलेली रेघसुद्धा दिसतेय बघ!” थोरला म्हणाला.

“हो रे.”

आईने सवयीने मान वळवली. थोरल्याने हसत तिची हनुवटी धरली आणि चेहरा परत समोर केला, लहान मुलाचे केस विंचरताना करतात तसा. “सरळ बघ ना, आई. एवढा आणलाय कशाला?”

असं दोनदा झालं. दोनदा तिने करू दिलं. पहिला सेट गेला, दुसरा गेला. आई एकदाही ओरडली नाही. कुणाला मेल्यांनो म्हणाली नाही. वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी हीच मॅच चालू होती आणि ते किंचाळत होते, आमच्याकडे फक्त समालोचकाचा आवाज. हात मांडीवर ठेवून ती नुसती बसली होती, दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात तशी. भावांना वाटलं, आई तल्लीन झालीय. धाकट्याने तिचा फोटोही काढला.

शेवटच्या सेटला बरोबरी झाली. लोक उभे राहिल्याचा आवाज आला. थोरला पुढे सरकून म्हणाला, “बघ बघ, आता बघ!” आणि त्याचा हात तिसऱ्यांदा तिच्या हनुवटीकडे गेला.

आईने तो हात झटकला. फाडकन आवाज आला. ती उठली, चाचपडत टीपॉयला वळसा घालून पुढे गेली, आणि हात वर करून टीव्हीची खालची कड शोधली. ती सापडल्यावर अगदी काचेला भिडून उभी राहिली, टाचा उंचावून, तोंड खिडकीकडे करून. मैदानाचा बराचसा भाग तिच्या डोक्याआड आणि उंचावलेल्या हाताआड गेला.

“आई, बाजूला हो ना!” धाकटा ओरडला. “मॅच पॉइंट आहे! आम्हाला काही दिसत नाहीये!”

आई वळली. आणि मग तो आवाज आला, माल चढवायच्या आवारात या खांबापासून त्या खांबापर्यंत जायचा तो.

“मला दीड वर्षं दिसत नाहीये! मी बोंबलले का?”

वहिनीने टीव्हीचा आवाज बंद केला. थोरल्याने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की मला ठाऊक होतं. तो काहीतरी बोलायला गेला, पण आईने त्याला बोलू दिलं नाही.

“मधलं सगळं गेलंय. तुझं तोंड दिसत नाही मला, कान दिसतात. टीव्ही बघायचा तर त्याला पाठ फिरवल्यासारखं करावं लागतं, आणि तू मुंडी धरून सरळ करतोस. आता कळलं ना? मग ने मला तुझ्या वरच्या खोलीत आणि ठेव. पण मॅच संपल्यावर. आवाज कुणी बंद केला? चालू करा!”

वहिनीने आवाज चालू केला. माझा राग अजिबात गेला नव्हता, मला तर त्या क्षणी दोघांना आणखी चार शब्द सुनवायचे होते, पण आईने मला संधी दिली नाही. ती पुन्हा टाचा उंचावून काचेला भिडली होती आणि तिचे गुडघे थरथरत होते.

थोरला उठला. जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची त्याने उचलली आणि तिच्या मागे नेऊन धरली. कुठे टेकवावी ते त्याला समजेना.

“आई,” तो म्हणाला, “इथे ठेवू?”

“पुढे,” आई खिडकीकडे बघत म्हणाली. “अजून पुढे. आणि टीव्ही खाली घे, मेल्या.”