मी स्वतः बघून आलोय

माझ्या वडिलांचा आवाज आधी गेला आणि मग गावभर फिरायला लागला. हे ज्याला सांगते तो आधी हसतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

वडील रिक्षातून पुकारा करायचे. साड्यांचा सेल, सर्कस, कुस्तीचं मैदान, उद्या नळाला पाणी नाही, कुणाचं म्हातारं माणूस वाट चुकलंय. टपावर कर्णा, आत मांडीवर माईक घेऊन वडील. राजारामपुरीत ते तिसऱ्या गल्लीत बोलले की पाचव्या गल्लीतल्या आमच्या शाळेत पोरी माझ्याकडे बघून हसायच्या आणि मला बाकाखाली शिरावंसं वाटायचं. तेव्हा मला त्या आवाजाची लाज वाटायची, हे आता लिहितानासुद्धा नको वाटतं.

त्यांचा एक हट्ट होता. जे स्वतः बघितलं नाही ते पुकारायचं नाही. सेलचं काम आलं की आधी दुकानात जाऊन गठ्ठे सोडून बघणार, साडी उजेडात धरणार, मग माईक हातात घेणार. कितीतरी दुकानदार वैतागून दुसरीकडे गेले. पण पावसाळ्यात कृष्णा फुगली की शिरोळकडची गावं ह्यांनाच बोलवायची. हे आधी नदीवर जाऊन उभे राहायचे, पाणी कुठल्या पायरीला लागलंय ते बघायचे आणि मग गाडीत बसून म्हणायचे, "पावणं, मी स्वतः बघून आलोय. उठा, जनावरं सोडा." तेवढ्यावर लोक दावी सोडायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. माणूस वाचला हे महत्त्वाचं, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. पण आई जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात आम्ही दोघंच, आणि ते घर इतकं गप्प झालं की मला फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. वडील शाळेची पाटी घेऊन बसायचे. अक्षर वाईट. वाक्य लिहून होईपर्यंत विषय निघून गेलेला असायचा, मग ते कोपरानंच पाटी पुसून टाकायचे. मला त्यांचा आवाज हवा होता. माणूस समोर बसलेला असताना असं वाटणं कृतघ्नपणाचं आहे, पण वाटायचं.

मी एका क्लासमध्ये गणित शिकवते. एका दुपारी फळ्यावर लिहीत असताना खालून रस्त्यावरनं वडील बोलले. "पावणं, मी स्वतः बघून आलोय! सोफा बघा, पलंग बघा!" मी खडू टाकून जिन्यावरनं धावत सुटले. रिक्षात ड्रायव्हर एकटाच होता, वडापाव खात. आवाज पेनड्राइव्हमधून येत होता.

ज्या स्टुडिओत तो केला होता तिथला माणूस काही लपवालपवी करणारा नव्हता. उलट त्यानं मला खुर्ची दिली. वडिलांना धंद्यातले सगळे मास्तरच म्हणायचे. "मास्तरांच्या जुन्या टेपा हुत्या की आमच्याकडं. एआयला ऐकवल्या, शिकलं ते. आता काय बी लिवा, मास्तर बोलत्यात. आमचा आदर हाय म्हणून केलाय, ताई."

"त्यांना विचारलंत?"

"इचारायचं कुठं लिवलंय? दावा की कायदा."

मला दाखवता आला नाही. घरी येऊन वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाटीवर एवढंच लिहिलं, "माल बघितला नाही मी."

पुढच्या पावसाळ्यात नदी चढायला लागली आणि मोबाइलवर एक क्लिप फिरली. आवाज वडिलांचा. धरणाचं पाणी थांबवलंय, गाव सोडू नका, मी स्वतः बघून आलोय. कुणी केली, गमतीला की रिकाम्या घरांत चोऱ्या होतील या भीतीनं की आणखी कशाला, ते आजवर कळलेलं नाही. करायला फार काही लागतही नाही. माझ्याकडे ती क्लिप दुसऱ्या दिवशी पोचली, तोवर व्हायचं ते झालं होतं.

वडिलांची थोरली बहीण, माझी आत्ती, शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावात राहते. ऑपरेशनच्या वेळी ती दवाखान्यात आठ दिवस बसून होती. भावाला आवाज नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण तिनं क्लिप ऐकली आणि तिला वाटलं, भावाचा आवाज परत आला. पुराचं तिच्या डोक्यातच शिरलं नाही. शेजारणींना घरी बोलावून तिनं ती पुन्हा पुन्हा ऐकवली. गावातनं सरकारी गाडी ओरडत फिरत होती, घरं सोडा, घरं सोडा. गल्ली गोंधळली आणि आत्तीकडे बघायला लागली. आत्ती म्हणाली, "माझ्या भावाचा आवाज मी वळखत न्हाय व्हय?"

चार घरं तिच्या शब्दावर थांबली. सकाळी त्यांना पत्र्यावरनं होडीत उतरवून घेतलं. माणसं वाचली. आत्तीची म्हैस आणि शेजारणीच्या दोन गाई दाव्यालाच गेल्या.

मी वडिलांना घेऊन पोलिसांत गेले. हवालदार भला होता, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "आवाज ह्यांचाच चोरलाय म्हणताय, तर जुळवून बघाय आताचा नमुना लागंल. काका, जरा बोला की." वडिलांनी गळ्याचा रुमाल बाजूला केला आणि श्वासासाठी ठेवलेलं भोक दाखवलं. हवालदार खुर्चीतनं उठून उभाच राहिला. मी म्हटलं, जुन्या टेपा आहेत. तो म्हणाला, "त्यावरनंच केलाय म्हटल्यावर दोन्ही एकसारखंच निघणार की, ताई." त्यानं चहा मागवला आणि आम्ही तो पिऊन परत आलो.

पाणी ओसरल्यावर आत्ती आमच्याकडे आली. गल्लीतल्या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या. चप्पलसुद्धा न काढता ती वडिलांसमोर येऊन बसली. "बोल," म्हणाली. "एकदा बोल की रं." वडिलांनी तोंड उघडलं, गळ्यातनं नुसता वारा आला. आत्ती मोठमोठ्यानं रडली. वडिलांनी पाटी उचलली आणि तशीच कोरी खाली ठेवली. मला त्या दोघांकडे बघवत नव्हतं.

ती चार दिवस राहिली. जायच्या सकाळी तिनं मला स्वयंपाकघरात एकटीला गाठलं.

"ते मशीन काय बी बोलतंय व्हय गं?"

"हो."

"मग त्याला एकदा आक्का म्हणाय लाव की. त्यात धरणाचं, पाण्याचं समदं हाय, पर मला हाक मारलेली न्हाय."

ज्या आवाजानं हिची म्हैस नेली, गल्लीत हिचं तोंड काळं केलं, तोच हिला पुन्हा हवा होता. मी चिडून बोलायला पाहिजे होतं. नुसतंच म्हटलं, "मला नाही जमत ते, आत्ती." ती बरं म्हणाली आणि वाटेसाठी भाकरी बांधायला लागली.

मी खोटं बोलले. मला जमतं. पोलिसांतनं आलो त्याच आठवड्यात, एका रविवारी दुपारी, मी तसलं एक ॲप मोबाइलवर घेतलं होतं. तक्रारीला पुरावा होईल, असं मनाशी म्हणत होते. वडिलांची जुनी टेप त्याला ऐकवली. हा आवाज कुणाचा, त्या माणसाला विचारलंय का, असं त्यानं काहीएक विचारलं नाही. लहानपणापासून वडील मला म्हातारे म्हणायचे. मी लिहिलं, "म्हातारे, जेवलीस काय?" आणि बटण दाबलं.

अगदी तसंच. जेवलीस म्हणताना शेवटी जरा वर जायचे तसंच. मी दार लोटून घेतलं आणि परत लावलं, परत लावलं, रडत रडत किती वेळा ऐकलं कोण जाणे. बाहेर आले तेव्हा तीन वाजून गेले होते. वडील दोन ताटं वाढून, झाकून, माझ्यासाठी जेवायचे थांबले होते.