निरोगी माणसांची फुंकर

"एक फुंकर मार ना रे, जास्त काही नको!" कँटीनमध्ये चहाचा कप ओठांशी नेला, की तिची नळी आडवी यायची. दिसलं की आपण वाट बदलतो, असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. आमच्यासाठी ते माणूस म्हणजे ती.

ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या एका इस्पितळात आम्ही इंटर्न होतो. माहुलला पोस्टिंग असताना तिने कोळीवाड्यातल्या बायकांचा खोकला ऐकला. तो तिथल्या कारखान्यांच्या हवेमुळे की घरच्या चुलीमुळे, हे शोधायचंच असं तिने डोक्यात घेतलं. सरांकडून श्वास मोजायचं यंत्र मागून आणलं. नळीत जोरात फुंकायचं, की काटा सरकायचा. सर म्हणाले, "तुलनेला निरोगी माणसंही हवीत." ती निरोगी माणसं म्हणजे आम्ही.

माहुलच्या बायका मुकाट फुंकायच्या, वर तिला सुके बोंबील बांधून द्यायच्या. आम्ही होणारे डॉक्टर मात्र पळायचो.

"परीक्षेत विचारणार आहेत का हे?" एकजण हटकून म्हणायचा. बाकीच्यांचं उत्तर ठरलेलं, "उद्या."

"बरं, उद्या," म्हणून ती जायची आणि दुसऱ्या दिवशी खरंच हजर व्हायची. मी लवकर सापडले, कारण आमची खोली एकच. निरोगी माणसांत पहिला आकडा तिचा, दुसरा माझा.

पावसाळ्यानंतर तीच खोकू लागली. टीबी निघाला. वॉर्डात राबणाऱ्या पोरांना तो अधूनमधून गाठायचाच, म्हणून आधी कुणी घाबरलं नाही. पण औषधं लागू पडेनात. कांजूरमार्गहून तिची आई पेज घेऊन यायची आणि जवळजवळ भरलेला डबा परत न्यायची. मला तो डबा बघवत नसे.

एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं.

"माझा आकडा निरोगी लोकांत आहे ना गं? तो खोड."

"बरी झालीस की बघू."

"नको. तेव्हाच आत काही असलं तर? माहुलच्या बायकांना फसवल्यासारखं होईल."

मी तिच्यासमोर तो खोडला. मला रडू आवरेना. ती मात्र "झकास" म्हणाली आणि डोळे मिटून पडली.

त्याच आठवड्यात ती गेली. तिला स्मशानात पोहोचवून मुलं परतली, तेव्हा मी कँटीनमध्ये यंत्र घेऊन बसले होते. "एक फुंकर मार ना रे," मी तिचंच वाक्य म्हटलं. परीक्षेचं विचारणारा पुढे आला. तो रडत होता, त्यामुळे पहिली फुंकर वाया गेली.

"परत मार," मी म्हटलं.

त्याच्यामागे बाकीचे उभे होते. त्या दिवशी "उद्या" असं कुणीच म्हणालं नाही.