सुमतीचा मोदक

यांचं पुस्तक छापून येईपर्यंत संकष्टी धरीन, असं गणपतीला बोलले तेव्हा विज्ञानकथा म्हणजे काय, हे मला धड ठाऊक नव्हतं. ठाऊक एवढंच, की हस्तलिखित दोनदा परत आलंय आणि हे म्हणालेत, "तिसऱ्यांदा आलं तर लिहिणं बंद!"

ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही मुलुंडला राहायचो. रविवारी यांचं विज्ञानकथा मंडळ आमच्याच बाहेरच्या खोलीत भरायचं. पोहे देता देता मी ऐकायचे. किस्से निर्माल्यासारखे साठत गेले. कुठेही टाकून देववत नाहीत!

*

मंडळाचं मासिक सायक्लोस्टाइलचं. शाई लवकर वाळायची नाही, म्हणून मी पानं गॅलरीत दोरीवर टाकायचे. समोरच्या शहाबेननी विचारलं, "भाभी, काय वाळत घातलंय?"

"मंगळावरची माणसं!"

"मग चिमटे नीट लावा हां. आमच्याकडे उडून येतील!"

*

मंडळातली ग्लोरिया बोरिवलीच्या गावठाणातली, शाळेत शिकवायची, यांना सर म्हणायची. एकदा धावत स्वयंपाकघरात आली. "वहिनी, वाट लागली! सरांनी शेवटच्या प्रकरणात चंद्रच उडवला!"

मी झाऱ्यासकट बाहेर. "अहो, चंद्र नसेल तर लोकांनी संकष्टी सोडायची कधी?"

फिजिक्स शिकवणारे पेडणेकर हळूच म्हणाले, "वहिनींचा मुद्दा बरोबर आहे."

यांनी मुकाट्याने प्रकरण फाडलं!

*

नव्या प्रकरणात चंद्रावरच्या वस्तीत सुमती नावाची नर्स एकटी मागे राहिली. संकष्टी करणारी. स्वतःच चंद्रावर, मग चंद्रोदय कुठला? यांनी ठरवलं, पृथ्वी उगवली की ती उपास सोडेल.

वाचन संपलं. पेडणेकरांनी चष्मा पुसला. "गडबड आहे. तिथून पृथ्वी उगवतही नाही, मावळतही नाही. एकाच जागी दिसत राहते."

"म्हणजे ती कायम उपाशी?" ग्लोरिया रडवेली झाली.

हे उठून खिडकीशी गेले, आभाळाकडे बघू लागले. मग म्हणाले, "तसंच लिहितो. तिला ठाऊक आहे. तरी ती वाट बघते."

हस्तलिखित तिसऱ्यांदा गेलं. मी रोज देवापुढे दूर्वांची एक जुडी जास्त ठेवू लागले.

*

पुस्तक आलं ते नेमकं संकष्टीला! पार्सल उघडायला यांचा हात धजेना. सुतळी मीच सोडली. पुस्तक देवापुढे ठेवलं, चंद्र दिसल्यावर नैवेद्य दाखवला. ग्लोरिया, पेडणेकर जेवायला होतेच.

माझा नवस फिटला होता. पण पहिला घास उचलला आणि हात तसाच थांबला.

यांनी आपल्या ताटातला एक मोदक वाटीत घेतला, खिडकीत नेऊन ठेवला. "सुमतीचा," एवढंच म्हणाले.

देवाला कधी हात न जोडणारे पेडणेकर खिडकीकडे बघत म्हणाले, "वहिनी, वर तूपही घाला. तिथे थंडी फार असते."

तेव्हापासून दर संकष्टीला आमच्या खिडकीत एक वाटी असते. तुम्हीही एक मोदक बाजूला ठेवत जा. आणि तूप विसरू नका.