सोड्याची वेळ

सबा शिकलगार कर्वेनगरच्या एका कॉलेजात प्रवेशाचे अर्ज तपासते. वय चाळीस. खिडकीबाहेर मैदानावर मुली पळायला लागल्या, की टेबलाखाली तिचे पाय आपोआप हलतात. वीस वर्षांपूर्वी ती विद्यापीठाकडून आठशे मीटर पळायची. शेवटचं वळण संपलं की तिच्यापुढे कोणी नसायचं, नुसता मोकळा ट्रॅक. संसार चांगला झाला, मुलं गुणी निघाली. पण तो ट्रॅक अजून स्वप्नात यायचा.

म्हणून यंदा तिने चाळिशीपुढच्यांच्या जिल्हा स्पर्धेत नाव घातलं. अडीच मिनिटांच्या आत आलं, तर राज्य स्पर्धा. सरावात गाडी दोन मिनिटं चौतीस सेकंदांवर अडली. मग तिच्या वाचनात आलं, की मोठे खेळाडू शर्यतीच्या दोनेक तास आधी चक्क खायचा सोडा घेतात. जोरात पळताना अंगात आम्ल साठून पाय जड होतात; सोडा ते थोडा वेळ आवरून धरतो.

पहिल्या दिवशी रिकाम्या पोटी घेतला आणि अख्खी सकाळ संडासात गेली.

"आता थोडं बेसनही खा, भजी आतच फुगतील," नवरा आफताब म्हणाला.

पण बाई हट्टी. भाताबरोबर, मोजून, थोडा थोडा घेत तिने पोटाला सवय लावली. एका रविवारी घड्याळाने दोन एकोणतीस दाखवलं, तेव्हा ती ट्रॅकवरच रडली.

स्पर्धेच्या दिवशी शर्यत नऊची होती. सातला सोडा पोटात गेला. नऊला कळलं, प्रमुख पाहुणे अजून यायचेत, आणि पाहुण्यांशिवाय आपल्याकडे शिट्टी वाजत नाही. ते साडेदहाला आले. दिवा लावला, नारळ फोडला आणि "दोनच शब्द बोलतो" म्हणून चाळीस मिनिटं खेळाचं महत्त्व सांगितलं.

"अहो, आधी शर्यत घ्या ना!" सबाने संयोजकांना विनवलं.

"मॅडम, जरा दम धरा."

सोड्याला कुठे दम धरता येतो! शर्यत साडेअकराला सुटली, तोवर त्याचा जोर ओसरत आला होता. तरी ती जीव तोडून पळाली. वळण संपलं आणि पुढे कोणीच नव्हतं. पाच-सात पावलं तिने तो मोकळा ट्रॅक डोळे भरून पाहिला. मग मांड्या पेटल्या आणि दोघी जणी बाजूने निघून गेल्या. दोन तेहेतीस.

ती गवतावर धापा टाकत होती, तेवढ्यात मंचावर राहिलेले सत्कार सुरू झाले. "विद्यापीठाच्या माजी धावपटू, सबा शिकलगार मॅडम!"

ती कशीबशी वर गेली. नंबर अजून छातीवरच होता. "माजी नाही हो," ती माईकवर म्हणाली, "आत्ताच पळाले."

लोक विनोद समजून हसले. पाहुण्यांनी तिच्या घामेजल्या खांद्यांवर शाल घातली आणि आपुलकीने विचारलं, "तुमच्या काळात काय पळायचात तुम्ही?"

सबाला रडू आवरत नव्हतं.

"आठशे," ती म्हणाली.