मिठानं राखलेली जागा

गोसाव्यांच्या घरी माणूस गेला की एक जण तिरडीचं सामान आणायला नाही, मथुराबाईच्या दाराकडं पळतो. गोसावी जाळत नाहीत, पुरतात. आणि कुणाला कुठं पुरायचं हे फक्त मथुराबाई गिरीला ठाऊक. तुकईथडकडच्या त्या तापीकाठच्या लहानशा गावात आधी हे काम तिच्या सासऱ्याकडं होतं, मग नवरा लोटूकडं. लोटू गेला आणि पहार तिनंच उचलली.

"बाईच्या हातची समाधी?" लोक कुजबुजले.

"बाईच्या पोटून येता, तवा नाई लाजत?" ती म्हणाली. विषय संपला.

तिचे नियम पक्के. गोसाव्याचा माणूस आडवा होत नाही, मांडी घालून उत्तरेकडं तोंड करून बसतो. म्हणून खड्डा चौकोनी, तीन हातांचा. भोवती गळ्यापर्यंत खडेमीठ. नवऱ्याच्या डावीकडं बायको. भरल्या जागेवर पुन्हा पहार नाही. गावातली दात न आलेली लेकरंही, मग ती कुणाचीही असोत, बेलाच्या झाडाखाली मीठ घालून याच घरानं ठेवायची.

एका पावसाळ्यात तापीचा गाळ समाध्यांच्या जागेवर, पूर्वेकडच्या अर्ध्या भागात बसला आणि तिथले दगड गडप झाले. मथुराबाईचं काही अडलं नाही, ती पावलं मोजून ओळखायची. अडलं ते सरपंच गजाननचं. केळी-कपाशीचा कास्तकार, माणूस वाईट नव्हता, पण आठवडी बाजाराला शेड हवं होतं आणि ती जागा त्याच्या डोळ्यात भरली. मापाला मोहित नावाचा तरुण पटवारी आला. त्यानं कबरीसारखे लांबट उंचवटे धुंडाळले, पश्चिमेला अकरा दगड मोजले, पूर्वेला काहीच सापडलं नाही आणि निघाला.

"अम्मा, इधर तो पडत जमीन है. एक पण कबर दिसत नाही."

"तू झोपलेली माणसं शोधून राह्यला बाप्पा. आमची बसेल हायेत."

"कागदावर आहे का काही?"

"कागदावर नाई, जमिनीवर हाय. उद्या दिवस उगवता ये. उन्हं चढल्यावर आला तं दिसनार नाई, मंग मले सांगू नको."

सोबत आलेला गजानन हसला. "काकू, एक सकाळ दिली. मंग परवा खांब गाडतो."

मथुराबाई घरी आली खरी, पण भाकर टोपल्यातच राहिली. त्या गाळाखाली लोटू होता. परवा त्याच्या डोक्यावर खांब उभा राहणार होता.

पौषातली सकाळ. दवानं सगळी जमीन राखाडी दिसत होती. मोहित मफलर गुंडाळून आला, बांधावर चढला आणि तिथंच थांबला.

राखाडी मातीवर काळेभोर, ओले चौकोन उमटले होते. ओळीनं. मीठ दव ओढून घेत होतं. गाळाखालून वर आलेलं वर्षानुवर्षांचं मीठ.

मथुराबाई अनवाणी ओळीओळीतून चालत गेली. "हा लोटूचा बाप. ही त्याची माय, डावीकडं. हा लोटू." तिथं ती क्षणभर टेकली, मग पुढं. मोहित मागून चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखत राहिला. पश्चिमेचे अकरा धरून त्रेपन्न झाले.

गजाननही आला होता, बेलापाशी उभा होता. त्याच्या पायाशी वीतभर ओला डाग होता.

"तिथून हाल, भाऊ. रंभाबाईची पहिली पोर हाय. तुही मोठी बहीण. तू मंग झाला."

गजाननची आई रंभाबाई या पोरीचं नाव कधी घरात काढायची नाही. त्यानं मागं पाहत हळूच पाय उचलला, चपला काढल्या. मग मोहितला म्हणाला, "शेड शाळेमागं घेऊ. इथं काय असंल ते लिहा, सरजी. चौकोनासकट."

मोहितनं नकाशावर समाधिभूमी लिहिलं. "बेलाखालची लहानांची जागा एक पकडून चौपन. बस, अम्मा?"

"पंचावन लिही."

"आणखी कुठं ओलं आहे?"

मथुराबाई लोटूच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. कमरेवर हात, ऊन चेहऱ्यावर.

"ही माही. अजून बसली नाई म्हणून काय झालं?"

मोहितनं हसत फक्की सोडली आणि उभ्या मथुराबाईभोवती चौकोन आखला.