पिवळे बाण

सदा गेल्याचा फोन त्याच्या मुलानं केला, तेव्हा मी चहा गाळत होतो. "बरं" म्हणालो, चहा गाळला आणि प्यायलोही. रडू आलं नाही. आठ महिने आमचं बोलणं बंद होतं. आता भांडायलाही माणूस उरला नाही, याचाच राग आला...

सदा मुरगूडच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर, मी कोल्हापुरात कारकून. सव्वीस वर्षं दर रविवारी गगनबावड्याच्या बाजूला एसटीतून उतरायचं आणि रानात शिरायचं, एवढीच आमची मैत्री. असंच भटकताना एका जांभळीखाली झरा सापडला. "ह्यो आपल्या दोघांचा. बायकोला बी सांगायचं न्हाय," सदानं बजावलं. तिथं आम्ही नारळाची करवंटी ठेवली. पाणी प्यायचं, शेवटचा घोट जांभळीच्या बुंध्याशी ओतायचा, करवंटी पालथी घालायची. नियम त्याचेच. एकदा मी तो घोट पिऊन टाकला, तर एसटी येईपर्यंत गडी माझ्याशी बोलला नाही.

मग माझे गुडघे गेले. ऑपरेशन, काठी, दोन वर्षं घर. सुरुवातीला सदा दर शनिवारी फोन करायचा, मी "पुढच्या रविवारी बघू" म्हणायचो. हळूहळू फोन थांबले.

गेल्या हिवाळ्यात हट्टानं एकटाच गेलो. वाटेवर दगडादगडावर पिवळे बाण रंगवलेले. बाणाच्या शेपटीला बारीक वळण. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पाट्यांवर सदा अगदी तसंच वळण द्यायचा. पुढं जाऊच नये असं वाटलं, तरी गेलो. झऱ्यावर वीस-पंचवीस माणसं, थर्माकोलच्या ताटल्या, स्पीकरवर गाणी. करवंटी कुठंच नव्हती. जयसिंगपूरचा एक जण म्हणाला, "या की पावणं, बसा. गुरुजी आणत्यात आमाला. आज तेवढं आलं न्हाईत. झरा त्यांनीच हुडकलाय."

त्यांनीच. म्हणजे मी त्या झऱ्यावर कधी नव्हतोच.

खाली रस्त्याला लागल्यावर फोन केला. "का केलंस?" तो म्हणाला, "तू येईनास. एकट्याला पाणी ग्वाड लागंना, मर्दा." मी फोन बंद केला. गोड लागत नाही म्हणून कुणी झरा वाटत सुटतं का? तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

बाराव्याला मुरगूडला गेलो. स्वयंपाकघरात माठाच्या झाकणावर आमची करवंटी पालथी घातलेली होती. वहिनी म्हणाल्या, "त्या माणसांस्नी शिवू दिली न्हाई त्यांनी. घरला आणून ठेवली. कुणाची काय इचारलं, तर सांगंनात." त्यांनी तिच्यातूनच मला पाणी दिलं. प्यायलो. सवयीनं शेवटचा घोट ठेवला आणि विचारलं, "वहिनी, हे कुठं ओतू?"

"मोरीत ओता की, भावजी."

मी तो घोट पिऊन टाकला. करवंटी मात्र पालथी घातली.